फुकटातले राखणदार

प्रिय खारू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगते. घरात आम्ही दोघंही चालते-बोलते आहोत, कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. पत्र सावकाश वाच. खुर्चीवर बसून वाच, उभ्या उभ्या नको. तुला खारू म्हणायचा हक्क मी अजून सोडलेला नाही, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तू शाळेच्या चड्डीच्या दोन्ही खिशांत शेंगदाणे कोंबून हिंडायचास. त्या ध्यानाला 'भाऊजी' म्हणायला माझी जीभ वळेना. नवऱ्याला 'अरे' म्हणते आणि दिराला खारू म्हणते, ही कुठली सून, असं आई शेजारणीला म्हणाल्या होत्या. पुढे त्याच तुला 'खारू' म्हणून हाका मारायला लागल्या.

तुला आमच्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगायची आहे. हसू नकोस. ज्या वहिनीला तू माउस हातात धरायला शिकवलंस आणि जिनं तो टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्याकडे रोखून धरला, तीच ही वहिनी. आता मला अँटिव्हायरसमधलं इतकं कळतं की औषधाच्या दुकानात माझ्या बरोबरीच्या बायका खोकल्याच्या औषधाबरोबर तेही विचारून जातात. हो, मी अजून सकाळच्या वेळात दुकानात जाते. मालक म्हणतात, डॉक्टरांचं अक्षर लागणारं तुमच्यासारखं माणूस आता मिळत नाही.

तुझा दादा निवृत्त झाल्यावर काय करणार, याची मला धास्ती होती. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढलेला माणूस घरी बसून माझ्या भांड्यांची रचना बदलेल असं वाटायचं. बदललीही त्याने. मग एका मुलांच्या साप्ताहिकाने शब्दकोडी मागितली आणि माझे डबे सुटले. तुझ्या जुन्या खोलीत, खिडकीशी कॉम्प्युटर आहे. तिथे बसून तो आडवे-उभे शब्द असे जुळवतो, जणू कुठल्या गल्लीतला नळ कुठल्या गल्लीला जोडायचा आहे. दर आठवड्याला एक कोडं करायचं आणि ईमेलने संपादकबाईंना पाठवायचं. मुलांची उत्तरं येतात, चुका दाखवणारी पत्रंही येतात. त्या चुकांवर तो जेवण विसरून भांडतो. सुख म्हणतात ते हेच असावं.

गेल्या हिवाळ्यात संपादकबाईंचा फोन आला. त्या तरुण आहेत, फार अदबीने बोलतात. म्हणाल्या, "काका, हे कोडं तुम्ही गेल्याच आठवड्यात पाठवलं होतं, बहुतेक चुकून परत आलंय." दादाने माफी मागितली, नवीन पाठवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं. त्यावर तो खुर्ची मागे ढकलून उठला आणि म्हणाला, "हे मी पाठवलेलंच नाही. कॉम्प्युटर आपल्या मनाने पाठवतोय. आत व्हायरस शिरलाय." मला ते पटलं. का पटू नये? आदल्या आठवड्यात त्याचा पासवर्ड चालेनासा झाला होता. एक अख्खं कोडं गायब झालं होतं आणि नंतर भलत्याच कप्प्यात सापडलं होतं. वर्तमानपत्रात रोज येतं की चोर आता दारातून येत नाहीत, तारेतून येतात.

पूर्वी आमच्या कॉम्प्युटरचा अँटिव्हायरस तू बघायचास. तिकडे बसून वर्षाच्या वर्षाला तो नवा करायचास, आम्हाला कळायचंही नाही. तो कधीच संपला होता. कोपऱ्यात एक लाल फुली कितीतरी दिवस लुकलुकत होती आणि दादा तिच्यावर पिवळा कागद चिकटवून काम करत होता. ते का, हे तुला माहीत आहे आणि मलाही. तर आता नवा अँटिव्हायरस घ्यायचा, आणि तो फुकटातला घ्यायचा, असं ठरलं. त्याचं म्हणणं, कोडी करणाऱ्या म्हाताऱ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? मी म्हटलं, मग चोर तरी कशाला येईल? त्यावर तो हसला आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी खुर्च्या ओढून बसलो.

खारू, ती दुपार मजेत गेली. फुकटातले किती राखणदार असतात रे! कुणाच्या चित्रात ढाल, कुणाच्या चित्रात कुलूप, एकाच्या चित्रात तर कुत्र्याचं तोंड. प्रत्येक जण म्हणे मीच पहिला, आणि प्रत्येकाच्या नावावर एकेक बक्षीस. मी माझी दुकानातली अक्कल वापरली. आमच्याकडे कंपनीचा माणूस नमुन्याच्या गोळ्या फुकट देऊन जातो, त्या धर्म म्हणून नव्हे, पुढची बाटली विकत घ्यावी म्हणून. तेव्हा मी म्हटलं, फुकट म्हणजे काय फुकट ते बारीक अक्षरात वाच. महिनाभर फुकट, का कायमचं? आणि आपल्याबरोबर आणखी कुणा पाहुण्याला आत घेऊन येतो का? दादा भिंग घेऊन वाचत होता. शेवटी त्याला कुत्रा पसंत पडला. कुत्रा उतरवून घेतला, त्याने सगळं घर हुंगलं, आणि हिरव्या अक्षरात सांगितलं, एकही व्हायरस सापडला नाही. मला हायसं वाटलं. दादाचा चेहरा मात्र पडला. म्हणाला, "कुत्र्याला वास येत नाहीये."

पुढच्या महिन्यात संपादकबाईंचा तिसरा फोन आला. मग कुलूपवाला आला. मग ढालवाला. मी दुकानातून परत यायची तेव्हा पडद्यावर कुणी ना कुणी टक्केवारी मोजत असायचं. कॉम्प्युटर इतका मंद झाला की सुरू करून चहा ठेवायचा, चहा पिऊन कप विसळायचे, तेव्हा कुठे चित्र यायचं. मध्येच लाल चौकट उघडायची की तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब पैसे भरा. दादा दचकायचा. त्याला असं दचकताना मी कधी पाहिलं नव्हतं. वरच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर त्याने माझ्याच डब्यातली जखमेची पट्टी चिकटवली. कुणीतरी आत बसून माझ्या वस्तू हलवतंय, म्हणायचा. पहिल्यांदा मी समजूत घातली. मग चिडले. एकदा तर म्हणाले, "अरे, त्या डब्यात कोण बसेल? आपल्यालाच घरात बसायला जागा पुरत नाही." तो हसला नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

आमच्या रस्त्याच्या टोकाला, चाव्या करणाऱ्याच्या शेजारी, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एक बाई चालवते. माझ्यापेक्षा बरीच लहान, केस कापलेले, कपाळावर दिवा बांधून यंत्राच्या पोटात डोकं घालून बसलेली असते. दादा दाढी करायला गेला होता तेवढ्यात मी तारा उपटल्या, कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गुंडाळला आणि बाळासारखा उचलून तिच्याकडे नेला. म्हटलं, यात व्हायरस आहे, काढून द्या. तिने लावून बघितलं. बराच वेळ लागला. मी काउंटरला टेकून चाव्यांची घरघर ऐकत होते. मग ती म्हणाली, "काकू, व्हायरस एकही नाही. पण आत एक जुना संपलेला धरून चार अँटिव्हायरस आहेत आणि ते एकमेकांनाच चोर समजून बसलेत. म्हणून हा दमलाय." मी म्हटलं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे तर चार. तीही हसली. म्हणाली, घरच्या साध्या वापराला यातला एकही नको. कॉम्प्युटरबरोबर आलेला त्याचा स्वतःचा राखणदार असतो, तो फुकटच असतो, तो चालू ठेवा, वेळच्या वेळी अपडेट होऊ द्या आणि अनोळखी चौकटीवर क्लिक करू नका. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मग तिने पडदा माझ्याकडे वळवला. आवाज जरा खाली आणला. म्हणाली, "काकू, घरात कॉम्प्युटर किती जण वापरतात?" मी म्हटलं, एकटे हेच. तिने दाखवलं. जे जे इंटरनेटवरून उतरवलं ते एका कप्प्यात साठतं. तिथे तो कुत्रा होता. एकदा नव्हे. त्याच्या खाली पुन्हा कुत्रा, पुन्हा कुत्रा, पडदा भरून कुत्रे. तीच फाइल, रोजच्या रोज, कधी सकाळी आणि त्याच दुपारी. कुलूपही तसंच. ती बाई म्हणाली, "प्रत्येक वेळी पहिल्यांदाच उतरवल्यासारखं आहे." तिने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. तिच्याही घरी असं कुणीतरी असावं असं मला वाटलं. विचारलं नाही.

खारू, दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ना, तसं झालं होतं. डबा छातीशी धरून घरी येताना मला एकेक गोष्ट दिसायला लागली. एकाच दिवशी दोनदा आणलेला साबण. माझ्या बहिणीची चौकशी, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तीच चौकशी, तितक्याच मायेने. दाढी करायला गेलेला तो कधीकधी उशिरा यायचा आणि आज गर्दी होती म्हणायचा. दुकानात अशा माणसांच्या गोळ्या मी रोज मोजून देते. त्यांच्या बायकांशी बोलते, धीर देते. काउंटरच्या त्या बाजूला आपण उभ्या राहू, हे मात्र कुणाच्या मनात येतं?

मी त्याला खोटं सांगणार होते. व्हायरस सापडला, काढला, आता सगळं ठीक, असं. दुरुस्तीवाल्या बाईनेही सुचवलं होतं की हवं तर तसं सांगा. पण तो खिडकीशी उभा होता, कॉम्प्युटरची रिकामी जागा बघत. त्याने वळून विचारलं, "काय निघालं?" त्या चेहऱ्याला मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, आत कुणी नाहीये रे. बस जरा. आणि सांगितलं, कुत्र्यांसकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला दोन-तीनदा शंका आली होती. पण व्हायरस असला तर काढता येतो, म्हणून मी तोच शोधत होतो."

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला दिले, डोक्याचे फोटो काढले. कोडी करणाऱ्याला शब्द आठवेनात, तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं. आजाराचं नाव तू ओळखलंच असशील. सुरुवात आहे, म्हणाल्या. गोळ्यांनी वेग थोडा कमी होतो, उलटा फिरत नाही. कुणाचं झपाट्याने जातं, कुणाचं सावकाश. बाहेर आल्यावर जिन्यात दादा थांबला. मला वाटलं, चक्कर आली. तो म्हणाला, "म्हणजे कॉम्प्युटर बिचारा निर्दोष होता." आणि आम्ही दोघं त्या जिन्यात इतके हसलो की वर जाणारी माणसं बाजूला झाली. हसता हसता माझं काय झालं ते तुला सांगायला नको. त्याने आपला रुमाल दिला. रुमाल खिशात आहे, हे त्याला बरोबर आठवलं.

आता घरात शांतता आहे. कुत्रा, कुलूप, ढाल सगळे गेले, घरचाच राखणदार आहे. कॉम्प्युटर पुन्हा चटकन उघडतो. संपादकबाईंना त्याने स्वतः फोन करून सांगितलं, काही न लपवता, आणि कोडी बंद करू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, दोनदा आलेलं मी परत करीन, पण न आलेलं कुठून आणू?" तेव्हापासून कोडं तो करतो, मी तपासते आणि पाठवायचं बटण मी दाबते. उभे शब्द मला अजून जमत नाहीत. कधीकधी तो दुसऱ्यांदा तेच कोडं करायला घेतो. मी शेजारी बसते आणि म्हणते, हे झालंय रे. तो म्हणतो, "चांगलं जमलं होतं का?" मी म्हणते, उत्तम. मग तो खूश होऊन दुसरं घेतो.

आता जे सांगायचं ते सांगते. दुकानातून कॉम्प्युटर परत आणला त्या संध्याकाळी आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो होतो. नुसता घरचा राखणदार पुरेल का, याची मला खात्री वाटेना. मी तसं म्हटलं. तर दादा अगदी सहज म्हणाला, "मग खारूला विचार ना. फोन लाव त्याला. या गोष्टी त्यालाच कळतात." माझा हात माउसवर तसाच राहिला. आई गेल्यानंतर या घरात तुझं नाव कुणी घेतलं नव्हतं. हॉस्पिटलच्या त्या व्हरांड्यात तू त्याला म्हणालास, ऑपरेशनला नकार देऊन तूच आईला आपल्या हाताने घालवलंस. तो म्हणाला, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. दोघांचे डोळे सुजलेले, दोघांना उभं राहवत नव्हतं, आणि दोघांनी बोललेले शब्द मात्र आजपर्यंत ताठ उभे राहिले. मी मध्ये पडायला पाहिजे होतं की नव्हतं, यावर मी पुष्कळ विचार केलाय, पण आज तो विषय नको.

कॉम्प्युटर परत आणला त्या संध्याकाळपासून तो तुझी वाट बघतो. बहुतेक रविवारी विचारतो, खारू का नाही आला? मी तुझ्या वतीने इतक्या सबबी सांगितल्यात की तुझ्या ऑफिसात एवढी कामं असतील तर त्यांनी तुला बढती द्यायला हवी. पण मनाला टोचत होतं. तो भांडण विसरला आणि आपण त्याचा फायदा घेऊन तुला बोलवायचं, ही एक प्रकारची चोरीच की. म्हणून एका सकाळी, त्याचं डोकं अगदी लख्ख होतं तेव्हा, आम्ही गच्चीत कपडे वाळत घालत असताना, मी सरळ विचारलं. तुझं आणि खारूचं काय झालं होतं, आठवतं का? त्याने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आठवतं. व्हरांड्यातलं सगळं आठवतं, त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा." मग चादर झटकत म्हणाला, "आता एकेक गोष्ट जायचीच आहे ना? मग पहिल्यांदा ती जाऊ दे. मी तिला धरून बसत नाही."

म्हणून हे पत्र, खारू. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं आणि तुलाही ऐकवलं नसतं. त्याने ते भांडण सोडलंय, विसरून नाही, समजून सोडलंय. तुझ्या मनात अजून राग असेल, तर तो माझ्यावर काढ, मी पुरून उरेन. पण ये. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, माणसं ओळखायचं कधी थांबेल? त्या म्हणाल्या, ते कुणी सांगू शकत नाही. आज तो तुला ओळखेल. उद्याचं मी लिहून देऊ शकत नाही. सुट्टी मिळेल तेव्हा नको, सुट्टी काढून ये. दार बहुतेक तोच उघडेल आणि इतका उशीर का केलास म्हणून तुझ्यावर रागावेल. रागावू दे. किती उशीर झाला, ते मात्र त्याला सांगू नकोस.

तुझीच,
वहिनी